देजिमावरचं बिऱ्हाड

पत्र थोडक्यात असं: लिहिणारे गृहस्थ ३८ वर्षांचे, मूळचे सातारा जिल्ह्यातले. ११ वर्षांपूर्वी जपान सरकारच्या शिष्यवृत्तीवर पीएचडी करायला गेले. मग ३ वर्षं दुसऱ्या एका विद्यापीठात संशोधन केलं, आणि गेली ५ वर्षं पश्चिम जपानमधल्या एका राष्ट्रीय विद्यापीठात 'तोकुनिन' सहयोगी प्राध्यापक आहेत. तोकुनिन म्हणजे शब्दशः 'खास नेमलेला', व्यवहारात मुदतीवर नेमलेला. इंग्रजीतून चालणाऱ्या अभ्यासक्रमात ते पर्यावरण अभियांत्रिकी शिकवतात. येत्या ३१ मार्चला करार संपतोय आणि पुढे वाढवणार नाहीत, असं कळवून झालंय. विद्यापीठाच्या माहितीपत्रकावर ३ वर्षं त्यांचा फोटो होता, पण विभागाच्या बैठकीत त्यांना मत नाही. ते विचारतात, "जपानी आणखी पक्कं करून इथंच पाय रोवू, की पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठानं देऊ केलेलं आंतरराष्ट्रीय विभागाचं डीनपद घेऊ? आणि ताई, हे सगळं आंतरराष्ट्रीयीकरण म्हणजे देखावाच होता का? मी त्यात फसलो का?" पत्नी तिथल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत कायम नोकरीत आहे. मुलगी दुसरीत. तिला मराठी समजतं, पण उत्तर जपानीत देते.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्या बाजूनं राग आला. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले आणि ज्या गोष्टी तुम्ही अर्ध्या वाक्यात उरकल्यात, त्यांच्याखाली रेघा मारल्या. त्यांच्याकडे वळतेच, पण आधी देखाव्याचं बोलू, कारण तुम्हाला झोंबलंय ते तेच.

तुम्ही लिहिलंय की फोटो काढायच्या दिवशी तुम्हाला पांढरा कोट घालायला लावला, आणि तुमच्या कामात तर पांढरा कोट लागतच नाही, गमबूट लागतात. वाचून हसू आलं. मीही जपानमधल्या दोन विद्यापीठांत मिळून १९ वर्षं शिकवलं. माझ्या वेळी साडी नेसून यायला सांगितलं होतं. नोव्हेंबरातल्या वाऱ्यात, विटांच्या इमारतीसमोर. त्या फोटोखाली माझं नाव नव्हतं, नुसतं 'जगाशी जोडलेलं शिक्षण' असं लिहिलेलं होतं. तेव्हा तुमचा राग मला परका नाही.

तरीही 'फसलो' हा शब्द तपासून बघू. तुमचं पहिलं करारपत्र काढा. त्यात मुदतीची तारीख असेल, आणि 'पुढे वाढवले जाणार नाही' किंवा 'कमाल इतकी वर्षे' अशी एक ओळ बहुतेक असेलच. तुमच्या हातून काही घडायच्या आधीच ती छापली गेली होती. तुम्ही पत्रात दोनदा म्हणता की जपानी उत्तम असतं, आणखी दोन शोधनिबंध असते, तर कायम झालो असतो. मला तसं वाटत नाही. तुमच्या पदाचा पगार ज्या खात्यातून निघत होता, त्या खात्याचीच मुदत ठरलेली होती.

ही गोष्ट २००४ पासून सुरू होते. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये राष्ट्रीय विद्यापीठं सरकारी खात्याचा भाग न राहता स्वायत्त महामंडळं झाली. स्वायत्तता आली आणि तिच्याबरोबर सरकारी अनुदानाला कात्रीही लागली. तेव्हा सगळ्या राष्ट्रीय विद्यापीठांना मिळून सुमारे १ लाख २४ हजार कोटी येन मिळत. अलीकडे तो आकडा १ लाख ८ हजार कोटींच्या आसपास आलाय. कायम पदांचा पगार याच पैशातून निघतो. त्यामुळे कुणी निवृत्त झालं की ती खुर्ची पुष्कळदा रिकामीच राहते. आटलेल्या पैशाच्या जागी सरकारनं दुसरा पैसा आणला तो योजनांचा, म्हणजे अर्ज करा, निवडून या, ठरावीक वर्षं घ्या. २००९ ची, विद्यापीठांच्या आंतरराष्ट्रीयीकरणासाठीची 'ग्लोबल ३०' ही त्यातलीच. नावात ३०, निवडली गेली १३. मग २०१४ ची 'टॉप ग्लोबल' योजना आली, ३७ विद्यापीठांसाठी, आणि ती मार्च २०२४ ला संपली. दहा वर्षांत जगातल्या पहिल्या शंभरात दहा जपानी विद्यापीठं आणू, अशी तेव्हाची घोषणा होती. आली नाहीत. पण त्या पैशातून तुम्ही मात्र आलात. तुमच्या विद्यापीठानं योजना संपल्यावर दोन वर्षं तुम्हाला स्वतःच्या पैशातून ठेवलं, हे तुम्हीच लिहिलंय. हंगामी खात्यातल्या माणसासाठी एखाद्या विभागप्रमुखानं कुठेतरी शब्द टाकल्याशिवाय असं होत नाही. तो माणूस कोण, ते शोधून काढा. पुढे शिफारसपत्र लागेल तेव्हा त्याच्याकडेच जायचंय.

देखावा अजिबात नव्हता असंही मी म्हणणार नाही. टॉप ग्लोबलच्या तक्त्यात एक रकाना होता, 'परदेशी शिक्षक इत्यादी'. या 'इत्यादी'त परदेशात पदवी घेतलेले जपानी प्राध्यापक मोजायचे, आणि वर्षभर बाहेर शिकवून किंवा संशोधन करून आलेलेही मोजायचे. आकडा असाही वाढतो! बरीच विद्यापीठं हेच करत बसली. जपानमध्येच या सगळ्याला टीकाकार 'देजिमा' म्हणतात. नागासाकीच्या किनाऱ्याजवळ भर घालून केलेलं ते पंख्याच्या आकाराचं बेट. १६४१ पासून दोनशेहून अधिक वर्षं डच व्यापाऱ्यांनी तिथेच राहायचं, आणि गावात जायला मधे एक पूल, त्यावर पहारा. इंग्रजी अभ्यासक्रमांचं तेच झालं. मूळ वाडा होता तसाच राहिला, आणि शेजारी एक खोली काढून त्यात परदेशी विद्यार्थी, परदेशी शिक्षक आणि इंग्रजी बोलणारी एक कारकून बाई बसवली. भाडेकरूला वाड्याच्या कारभारात कोण विचारतं?

आणि ही सवय जुनी आहे. मेइजी काळात, म्हणजे १८६८ ते १९१२ मध्ये, पाश्चात्य शिक्षक भरपूर पगार देऊन मुदतीवर आणले गेले. आपली माणसं तयार झाली की त्यांना निरोप. तिथे इंग्रजी साहित्य शिकवणारे लेखक लाफ्कादिओ हर्न तर १८९६ मध्ये जपानी नागरिक झाले होते, नावही कोइझुमी याकुमो घेतलं होतं. तरी १९०३ मध्ये तोक्यो इम्पिरियल विद्यापीठानं त्यांना जाऊ दिलं, आणि त्यांच्या जागी आलेल्यांत इंग्लंडहून नुकतेच परतलेले, पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेले नात्सुमे सोसेकी होते. राष्ट्रीय आणि सार्वजनिक विद्यापीठांत परदेशी नागरिकाला रीतसर प्राध्यापक म्हणून नेमायचा कायदा झाला तो थेट १९८२ मध्ये. हे सांगतेय ते तुमचं दुःख स्वस्त करायला नाही. तुमच्या वाट्याला आलेलं वागणं तुमच्यासाठी शिवलेलं नव्हतं, ते तयार कपड्यासारखं दुकानात टांगलेलंच होतं.

आता दुसरी बाजू. जपानला परदेशी विद्यार्थी खरोखरच हवेत. १९९२ मध्ये तिथे १८ वर्षांची मुलं साडेवीस लाखांच्या आसपास होती. आता ती जेमतेम ११ लाख आहेत. २०२४ मध्ये निम्म्याहून जास्त खासगी विद्यापीठांच्या जागा भरल्या नव्हत्या. तीन लाख परदेशी विद्यार्थ्यांचं लक्ष्य २०१९ मध्येच गाठलं गेलं. कोविडनं तो आकडा पाडला, पण मे २०२४ मध्ये तो ३,३६,७०८ वर गेला होता, आणि २०३३ पर्यंत चार लाख करायचे आहेत. म्हणजे मागणी खरी आहे. पण मागणी वर्गात बसणाऱ्यांची आहे. बैठकीच्या टेबलाभोवती बसणाऱ्यांची तेवढी नाही. या दोन्ही गोष्टी एकच आहेत असं तुम्ही धरून चालला होतात, आणि माझ्या मते चूक झाली असेल तर ती एवढीच.

टेबल मुळातच वेगळं असलेल्या जागाही आहेत. बेप्पूचं रित्सुमेइकान एशिया पॅसिफिक विद्यापीठ २००० साली सुरू झालं, तेव्हापासून जवळपास निम्मे विद्यार्थी आणि निम्मे शिक्षक बाहेरचे. अकिता आंतरराष्ट्रीय विद्यापीठ २००४ चं, सगळं इंग्रजीतून. ओकिनावाच्या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेत तर परदेशी विद्यार्थीच बहुसंख्य आहेत. तिथलं कार्यालयही दोन्ही भाषांत चालतं. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठाला १० लाख कोटी येनांच्या राष्ट्रीय निधीतून मोठी मदत मिळणारं पहिलं विद्यापीठ म्हणून मान्यता मिळाली. परदेशी संशोधक बरेच वाढवायचे, असं त्यांनी लिहून दिलंय. हाही शेवटी योजनेचाच पैसा, पण २५ वर्षांपर्यंतच्या मुदतीचा. तुम्ही यातल्या किती ठिकाणी अर्ज केले, ते पत्रात कुठेच नाही. 'इथं' म्हणजे तुमच्या दृष्टीनं तुमचं सध्याचं विद्यापीठ, असं तर झालं नाही ना?

जपानी भाषेबद्दल. तुम्ही जपानी भाषा परीक्षेतली एन-२ ही वरून दुसरी पातळी उत्तीर्ण आहात आणि आता सगळ्यात वरच्या एन-१ च्या मागे लागायचं म्हणता. करा, त्यात वाया जाणारं काही नाही. जे-रेक-इन या संशोधक-प्राध्यापकांच्या नोकऱ्यांच्या सरकारी संकेतस्थळावरच्या जाहिराती बघा. बहुतेकींत तळाशी 'जपानीतून प्रशासकीय कामकाज करता आले पाहिजे' असं वाक्य सापडेल. पण त्या वाक्याचा अर्थ एन-१ चं प्रमाणपत्र असा नाही. एक प्रसंग सांगते.

दुसऱ्या विद्यापीठात मी कायम झाले आणि प्राध्यापक सभेत बसायला लागले. गुरुवारी दुपारी, समोर चार बोटं जाड कागदांचा गठ्ठा. दोन वर्षं मी शब्दकोश मांडीवर घेऊन तो गठ्ठा आदल्या रात्री वाचत होते. एकदा धीर करून अभ्यासक्रमाच्या वेळापत्रकावर प्रश्न विचारला, व्याकरणाची एक चूक न करता. खोलीत सामसूम. डीन म्हणाले, "विचार करू." सभा संपल्यावर चहाच्या खोलीत कार्यालयातल्या बाई कप विसळता विसळता हळूच म्हणाल्या, "सेन्सेई, ते गेल्या महिन्यातच ठरलं होतं." याला नेमावाशी म्हणतात. मूळ शब्द बागकामातला आहे. मोठं झाड हलवायच्या बरंच आधी मुळांभोवती खणून ती छाटून-बांधून ठेवायची, म्हणजे झाड नव्या जागी जगतं. तुम्ही शेतकऱ्याच्या घरातले, तुम्हाला हे जास्त सांगायला नको. त्यानंतर मी शब्दकोश घरी ठेवला आणि सभेच्या आठवडाभर आधी लोकांच्या दारावर टकटक करायला लागले. माझं जपानी तेव्हा तुमच्याइतकंच होतं. तेव्हा मुलाखतीत एन-१ दाखवता आलं तर छानच. पण 'प्रवेश परीक्षेचं काम, विद्यार्थ्यांच्या अडचणी, पालकांचे फोन मी सांभाळले आहेत' हे जपानीत, उदाहरणासह सांगता आलं तर त्याला जास्त वजन येईल. येत्या काही महिन्यांत असं एखादं काम मागून घ्या. जाणाऱ्या माणसाला कोण देणार, असं वाटेल. देतात, कारण ते काम कुणालाच नको असतं.

आता पुण्याजवळचं डीनपद. पगाराचा आकडा तुम्ही लिहिलाय, कारचंही लिहिलंय. पण पद कसलं आहे, हे दोन ओळींत उरकलंय. आंतरराष्ट्रीय विभाग, जपानी विद्यापीठांशी करार, 'जपानहून आलेले प्राध्यापक' म्हणून उद्घाटनाला उपस्थिती. अहो, हा तोच पांढरा कोट आहे, फक्त शिंपी आपल्याकडचा. मी 'घेऊ नका' म्हणत नाही. पण ज्या प्रश्नांची उत्तरं पाच वर्षांपूर्वी न घेतल्यानं आज त्रास होतोय, ते या वेळी आधीच विचारा. पद कायम आहे की कराराचं? विभागाला स्वतःची तरतूद आहे, की करार झाले तर पैसे? प्रयोगशाळा मिळेल का? किती विद्यार्थी आणले हा तुमच्या कामाचा मोजमाप असेल का? आणि तुमच्या आधी त्या खुर्चीवर कोण होतं, ते आता कुठे आहेत? हा शेवटचा प्रश्न त्यांना विचारू नका, त्या माणसालाच शोधून फोन करा.

माझ्या पेन्सिलीच्या पहिल्या रेघेखाली हे आहे: 'पत्नीची नोकरी कायम आहे, पण...' या 'पण'नंतर तुम्ही विषय बदललात. घरात एक पक्का पगार आहे. हे तुमच्यासारखी पत्रं लिहिणाऱ्या दहांतल्या आठांकडे नसतं. तरी तुमच्या मांडणीत निर्णय असा आहे की तुम्ही पुण्याला जाणार म्हणजे घर पुण्याला जाणार. पत्नीनं असं म्हटलंय का? बायकोच्या पगारावर वर्षभर राहायचं तुमच्या मनात येत नसेल, तर त्याचं कारण हिशोबात शोधा, आणि तिथे नाही सापडलं तर साताऱ्याच्या ओट्यावर बसलेल्या मंडळींत शोधा. 'जावई घरी बसलाय' हे वाक्य ऐकू येतंय ना? मला इथून येतंय.

आता कामाचं, आणि हे लगेच करायचं. तुमच्या पत्रात कायमस्वरूपी निवासाचा उल्लेख नाही. ११ वर्षांचा सलग मुक्काम आणि त्यातली ८ वर्षं नोकरीच्या व्हिसावर. साधारण नियम १० वर्षांचा आहे, त्यातली ५ नोकरीची. कर आणि पेन्शनचे हप्ते वेळच्या वेळी भरलेले असतील आणि हातातला व्हिसा निदान तीन वर्षांचा असेल, तर तुम्ही अर्ज करू शकता. पत्नी आणि मुलीचाही अर्ज बरोबरच जातो. हा अर्ज नोकरी हातात असताना करायचा असतो. निकालाला बरेच महिने लागतात. मधे नोकरी संपली तर ते लपवायचं नाही, घरच्या एकूण उत्पन्नात पत्नीचा पगार आहेच. ग्योसेइशोशी, म्हणजे असे कागद करून देणारे परवानाधारक, त्यांच्यापैकी एकाला गाठा. फी घेतात, पण सार्थकी लागते. मी याच्यावर एवढा भर देतेय, कारण कायम निवास हातात आला की पुण्याचा प्रश्न एकदम हलका होतो. पुनर्प्रवेशाचा परवाना काढून तुम्ही वर्ष-दोन वर्षं तिथे काम करून बघू शकता आणि नाही जमलं तर परत येऊ शकता. आत्ता जाल तर मागचं दार बंद होतं.

अर्जाचा निकाल यायच्या आत ३१ मार्च उजाडला तर नोकरी सुटल्याचं १४ दिवसांत इमिग्रेशनला कळवा. व्हिसाप्रमाणे काम न करता तीन महिन्यांवर राहिलात तर व्हिसा रद्द होऊ शकतो. म्हणून गरज पडली तर पत्नीचे अवलंबित म्हणून व्हिसा बदलून घ्यायचा, आणि परवानगी काढून आठवड्याला २८ तासांपर्यंत काम. दोन-तीन विद्यापीठांत तासिका घेता येतात. शोभत नाही असं वाटेल, पण पुढची कायम जागा तासिकेवरूनच मिळालेले माझ्या ओळखीत तिघं आहेत. हॅलो वर्कमध्ये, म्हणजे सरकारी रोजगार केंद्रात, नाव नोंदवून बेकारी विम्याचंही बघा. संकोच नको, हप्ते तुम्हीच भरलेत.

पेन्शनचे पैसे एकरकमी काढून घ्यायची घाई मात्र करू नका. निघालेले बरेच जण विमानाच्या तिकिटाबरोबर तेच आधी करतात. जपानी पेन्शनला १० वर्षांची पात्रता लागते. तुमची नोकरीची ८ आहेत, आणि पीएचडीच्या काळात विद्यार्थी म्हणून सवलत मंजूर झाली असेल तर ती वर्षंही पात्रतेत धरतात. शिवाय २०१६ पासून भारत-जपान करार लागू आहे, त्यात दोन्हीकडची वर्षं जोडता येतात. नेनकिन, म्हणजे पेन्शन, कार्यालयात जाऊन स्वतःचा तक्ता छापून घ्या.

हा मजकूर वाचणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मधेच दोन ओळी, कारण पुण्यातून तशी पत्रं दर महिन्याला येतात. 'अभ्यासक्रम इंग्रजीत आहे, जपानी लागणार नाही' हे वर्गापुरतं खरं असतं. प्रयोगशाळेतल्या गप्पा, घरभाडं आणि विशेषतः नोकरीच्या मुलाखती जपानीत होतात, तेव्हा एन-२ च्या खाली राहू नका. राष्ट्रीय विद्यापीठांची ठरलेली फी वर्षाला ५,३५,८०० येन. तोक्यो विद्यापीठानं २०२५ पासून पदवीसाठी ती ६,४२,९६० केली, आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळी, जास्त फी लावायची मुभाही आता विद्यापीठांना आहे. पीएचडीला जाणाऱ्यांनी 'स्प्रिंग' या पीएचडी विद्यार्थ्यांना मदत देणाऱ्या सरकारी योजनेच्या भरवशावर हिशोब मांडू नये. तिच्यातला राहण्या-जेवणाचा भत्ता २०२७ पासून फक्त जपानी नागरिकांना द्यायचं ठरलंय.

पेन्सिलीची दुसरी रेघ मुलीच्या वाक्याखाली आहे. तुम्ही ते पत्राच्या अगदी शेवटी, ताजा कलम म्हणून लिहिलंत: 'आई फोनवर विचारते जेवलीस का, आणि ही म्हणते ताबेता.' म्हणजे 'जेवले'. तुम्हाला त्याची लाज वाटते की भीती, ते मला कळलं नाही. पण आजीचा प्रश्न तिला कळला आणि तिनं खरं उत्तर दिलं, एवढं त्यात दिसतं. पुण्यात ती इंग्रजी शाळेत जाईल, जी भाषा तिला दोन्हीकडे मिळालेली नाही. आठव्या वर्षी मुलं शिकतात, पण पहिलं वर्ष जड जातं, आणि ते वर्ष तिच्याजवळ घरी कोण असेल, हे डीनपदाच्या पत्रात लिहिलेलं नसतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला महिनाभर साताऱ्याला ठेवून बघा. निर्णय झाल्याचं तिला किंवा आईंना सांगू नका, नुसतं राहू द्या.

आणि उत्तर पाठवाल तेव्हा पत्नीलाही चार ओळी लिहायला सांगा. या पत्रात तुमच्या विद्यापीठाच्या कुलगुरूंचं म्हणणं आहे, पुण्याच्या विश्वस्तांचं आहे, सासऱ्यांचंसुद्धा आहे. त्यांचंच तेवढं नाही.